काउबचा आकडा : ऱ्हाईनकाठच्या एका छोट्या गावात चार दिवस

आप्पा सांगलीहून आले की त्यांना कुठं न्यायचं हा मोठा प्रश्न असतो. पॅरिस, स्वित्झर्लंड मागच्या वेळी झालं, आणि त्या सगळ्यातनं आप्पांना सगळ्यात जास्त काय आवडलं, तर बाझलच्या पुलावरनं दिसणारी ऱ्हाईन. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, नदी दिसली की पाय तिथंच थांबतात. म्हणून या ऑक्टोबरात ठरवलं की उगाच पळापळ नको, एकच गाव, चार दिवस, नदीकाठी राहायचं.

गाव कुठलं हे मात्र माझ्या डोक्यात आधीपासून पक्कं होतं. मी फ्रँकफर्टला मालवाहतुकीच्या धंद्यात काम करते, आणि रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की पहिला आकडा बघायचा तो काउबच्या पाणीपातळीचा. काउब किती? एवढंच विचारतात ऑफिसात, पुढं काही बोलायची गरज नसते. सात वर्षं हा आकडा बघतेय आणि त्या गावात कधी पाय ठेवला नव्हता.

दिवस पहिला, शुक्रवार. पेगेल १०८

(पेगेल म्हणजे पाणीपातळी मोजायची पट्टी, आकडा सेंटिमीटरमध्ये.)

फ्रँकफर्टहून काउबला थेट लोकल गाडी आहे, वीसबाडेन, र्‍यूडेसहाइम करत जाते. कुणी जाणार असाल तर डावीकडच्या खिडकीला बसा, नदी सगळा वेळ त्या बाजूला आहे. र्‍यूडेसहाइमपर्यंत ऱ्हाईन रुंद, संथ, मधे मधे बेटं, आपल्या कृष्णेसारखीच निवांत वाटते. आणि मग समोर बिंगेन येतं, नदी एकदम उजवीकडं वळते आणि सरळ डोंगरात घुसते. दोन्ही काठ अंगावर आल्यासारखे जवळ येतात. नदीत मधोमध एका छोट्या बेटावर उंदरांचा मनोरा म्हणून एक बुरूज उभाय, त्याच्या जवळच पूर्वी खडकाची आडवी भिंत होती, ती लोकांनी शेकडो वर्षं फोडत फोडत बोटींना वाट करून दिली.

इथून खाली कोब्लेन्सपर्यंतचा ६५ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वरची मधली ऱ्हाईन, २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दगड पाटीचा, म्हणजे आपण शाळेत ज्या दगडी पाटीवर लिहायचो तोच, साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला चिखल दाबून दाबून झालेला. मी आप्पांना सांगितलं की नदीनं हा डोंगर फोडलाय. ते खिडकीतनं वर सपाट दिसणाऱ्या माथ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फोडला नाही गं. नदी आधीची असणार. डोंगर हळूहळू वर आला, आणि हिनं आपली जागा सोडली नाही, कापत राहिली." आणि भूगोलाच्या पुस्तकांतही नेमकं हेच लिहिलंय, नदी जुनी, डोंगर तिच्या अंगाखालनं वर उचलला गेलेला. मी सात वर्षं इथं राहून मला हे एका वाक्यात कधी सांगता आलं नसतं.

लोर्शहाउझेन गेलं की हेसन राज्य संपतं आणि पुढचंच स्टेशन काउब, ते ऱ्हाईनलँड-फाल्ट्स राज्यात. उतरणारे आम्ही दोघं आणि एक सायकलवाला. गाव एवढंसं की काय सांगू, डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवलेलं, त्यातच रेल्वे, त्यातच हायवे, उरलेल्या जागेत दोन लांब गल्ल्या. वस्ती हजाराच्या आत. पण कागदावर हे गाव नाही, शहर आहे! १३२४ साली राजा लुडविग, बायर्नचा, त्यानं याला शहराचे हक्क दिले ते आजतागायत आहेत. आप्पांना हे फार आवडलं, म्हणाले आपल्याकडं तालुक्याचं गाव व्हायला किती खटपटी.

खोली एका आजींच्या घरात मिळाली होती, खाटीक गल्लीत. सामान टाकलं आणि लगेच नदीवर. जाताना गावची जुनी तटबंदी लागते. आता तटबंदी म्हटली की शत्रूसाठी, पण इथल्या तटावरची वाट जमिनीपासून मजलाभर उंच आहे आणि घरांचे वरचे दरवाजे त्या वाटेवर उघडतात. आजी म्हणाल्या, पूर आला की खालची गल्ली पाण्यात, मग सगळं गाव या वरच्या वाटेनं ये-जा करतं. पुढं एका दगडी चौकटीवर पुराच्या खुणा कोरल्यात, आडवी रेघ आणि शेजारी साल. १९८८, १९९३, १९९५. आप्पांनी एका रेघेवर तळहात ठेवला. हात खांद्याच्या वर गेला होता. काही बोलले नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला साडेसत्तावन्न फूट होतं, इशारा पातळी चाळीस, धोका पातळी पंचेचाळीस, हे आकडे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असतात. आमच्या घराच्या भिंतीवरही तशी एक रेघ आहे, आप्पांनी स्वतः खिळ्यानं ओढलेली.

मग पेगेल. नदीकाठी छोटासा मनोरा, त्यावर आकडा. १०८. एवढंच! मी अक्षरशः त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले.

आप्पांनी लगेच विचारलं, "नदी एक मीटर खोल? मग ही एवढी मोठी बोट कशी चाललीय?" समोरनं खरंच शंभर मीटरच्या वर लांबीची एक बोट वाळू भरून चालली होती. तर हे नीट सांगते कारण बातम्यांतही लोक हे चुकवतात. पेगेलचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टीचा शून्य कुठंतरी ठरवून लावलेला असतो, आणि बोटीच्या वाटेचा तळ त्या शून्याच्याही खाली आहे. कोरड्या दिवसांतली जी पातळी हिशेबाला धरतात ती काउबला ७८ सेंटिमीटर, आणि त्या पातळीला बोटीच्या वाटेत १ मीटर ९० पाणी मिळेल अशी वाट राखलेली आहे. म्हणजे आकड्यात साधारण ११२ मिळवायचे. १०८ असेल तर २ मीटर २० पाणी. बोटीच्या तळाखाली थोडी फट सोडायची, उरलेल्यात माल किती भरायचा ते ठरवायचं.

आणि काउबच का, तर वरच्या बाजूला २ मीटर १० राखतात, सांक्ट गोआरच्या खालीही तेवढंच, आणि मधे बुडेनहाइम ते सांक्ट गोआर या पन्नासेक किलोमीटरमध्ये फक्त १ मीटर ९०. तळ खडकाचा, खणायला अवघड. रॉटरडॅमहून मान्हाइम, कार्ल्सरूहं, बाझलकडं जाणारी प्रत्येक बोट या उथळ पट्ट्यातनं जाते, म्हणून बोट रॉटरडॅमला भरतानाच काउबचा आकडा बघून भरतात. इथं पाणी कमी तर चारशे किलोमीटर खाली गोदीत माल कमी. आणि आकडा ठरावीक रेघेच्या खाली गेला की भाड्यावर जादा आकार लागतो, तो माझ्या रोजच्या कामाचा भाग.

आप्पा म्हणाले, "म्हणजे आम्ही पाणी वर जाईल म्हणून घाबरतो आणि तुम्ही खाली जाईल म्हणून." हो, पण गावकरी दोन्हीला घाबरतात.

रात्रीची एक गोष्ट सांगायलाच हवी. ऱ्हाईनच्या या उजव्या काठाची रेल्वे म्हणजे मालगाड्यांची मुख्य वाट, रात्रभर गाड्या. घरं रुळांना एवढी चिकटून की टेबलावरचा ग्लास हलतो. मी दोनदा दचकून उठले. दरीत आवाजाला बाहेर जायला वाटच नाही, तो या डोंगरावर आपटून त्या डोंगरावर जातो. इथली माणसं वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलतायत आणि त्यांचं म्हणणं मला त्या एका रात्रीत शंभर टक्के पटलं.

दिवस दुसरा, शनिवार. पेगेल १०६

सकाळी नदीवर इतकं दाट धुकं की समोरचा काठ नाही. आणि मग नऊ-साडेनऊला धुकं पातळ होत गेलं आणि नदीच्या मधोमध एक पांढरं जहाज दिसायला लागलं, टोकदार नाळ, वर काळ्या छपरांचे छोटे छोटे बुरूज. ते जहाज नाही, किल्ला आहे. फाल्ट्सग्राफेनश्टाइन. गावात नुसतं फाल्ट्स म्हणतात.

छोट्या बोटीतनं पलीकडं नेतात, पाच मिनिटांचंही अंतर नाही. जवळ गेल्यावर कळतं की नाळ वरच्या अंगाला, प्रवाहाच्या तोंडावर केलेली आहे, पुलाच्या खांबाला जसं पुढून टोक काढतात तसं. हिवाळ्यात वरून बर्फाचे तुकडे वाहत यायचे, ते या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावेत म्हणून. आप्पांनी दगडी टोकावरनं हात फिरवला आणि पाण्याचा वळसा बघत दहा मिनिटं तिथंच. मी मधनं मधनं "चला ना" म्हणतेय, ते म्हणतायत "थांब, हे बघ, इथं वळसा तुटतो, म्हणून खालच्या अंगाला गाळ साठून बेट लांबत गेलंय." आणि खरंच, बेटाचं शेपूट खालच्या बाजूला गोट्यांचं लांबच लांब होतं.

हा किल्ला कुणाच्या राहण्यासाठी नव्हता, लढायलाही फारसा नव्हता. हा जकात नाका. काउब १२७७ मध्ये फाल्केनश्टाइन घराण्याकडून ऱ्हाईनच्या फाल्ट्सग्राफांनी (इथले संस्थानिक) विकत घेतलं ते जकातीसाठीच. लुडविगनं १३२६-२७ च्या सुमारास नदीतल्या खडकावर पाच कोनी मनोरा उभारला, पोप त्याच्यावर आधीच खवळलेला होता, त्यानं या जकातीवरूनही आरडाओरडा केला, पण मनोरा काही हलला नाही. उलट दहा-बारा वर्षांत त्याच्याभोवती सहा कोनी तट चढला. १६०७ मध्ये टोकाला तोफांचा बुरूज, आणि पुढं मनोऱ्यावर घुमटीचं छप्पर.

आत शिरताना दरवाज्यावर वरून खाली सोडायची लाकडी जाळी आहे. आतलं अंगण इतकं लहान की दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या तर माणसाला वळता येणार नाही. चारी बाजूंनी लाकडी सज्जे, पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या. एका खिडकीच्या कोनाड्यात आप्पा बसले आणि तिथून नदीचा वरचा आणि खालचा दोन्ही भाग दिसत होता, एकही बोट न दिसता सुटणं शक्य नाही. मला तर तिथं उभं राहून अगदी आपला ऑफिसातला स्क्रीनच आठवला, आपण आज ज्या बोटी नकाशावर ठिपक्यांनी बघतो त्या इथला माणूस या भोकातनं बघत होता. बोट दिसली की काठाला लागायचं, माल दाखवायचा, पैसे मोजायचे, मग पुढं. पुढच्या गावाला पुन्हा दुसऱ्या मालकाची जकात. ऱ्हाईनवर अशी नाकी इतकी होती की धान्याची किंमत वाटेतच वाढत जायची.

जिथं नदी निम्मी खडकांनी अडवलीय, जिथं बोटीला वाटच एक उरते, तिथं नाका बसवला. चारी बाजूंनी पाणी मोकळं असतं तर कोण थांबलं असतं? चार दिवसांत मला या गावाबद्दल जे काही कळलं ते सगळं फिरून फिरून इथंच येतं. नदी इथं अडखळते, आणि गाव त्या अडखळण्यावर जगत आलंय.

ही जकात साडेपाचशे वर्षांच्या आसपास चालली. किल्ला लढून कुणी घेतला नाही. १८६६ मध्ये प्रशियानं नासाउ संस्थान खालसा केलं तेव्हा काउबही त्यांच्याकडं गेलं आणि लवकरच इथली वसुली थांबली, मग १८६८ च्या मान्हाइम करारानं ऱ्हाईनवरची बोटींची ये-जा जकातमुक्त झाली. तो करार आजही चालू आहे, आमच्या धंद्याचा पायाच तो.

जेवण आम्ही नदीकाठच्या बाकावर केलं, आप्पांनी भडंगचा डबा काढला, मी पावाबरोबर कांद्याचा केक घेतला होता जो या दिवसांत नव्या आंबूस वाइनबरोबर सगळीकडं मिळतो. आप्पांनी केकमधला कांदा गोड लागतो म्हणून दोन तुकडे घेतले. (वरती डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात बरेचदा, शाकाहारी असाल तर आधी विचारा. मी विचारलं होतं.)

दुपारी ब्ल्यूशरचं म्युझियम. काठावर त्याचा पुतळाही आहे. ही कथा मला अर्धवटच माहीत होती. १८१३ च्या शेवटाला नेपोलियन लाइपझिशला हरून मागं हटलाय, ऱ्हाईनचा डावा काठ तेव्हा फ्रान्सचा, म्हणजे समोर दिसतोय तो काठ परदेश. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर, वय ७१, आपली सिलेशियाची फौज घेऊन उजव्या काठावर. आणि ओलांडायला जागा निवडली ती ही, काउब, कारण मधे बेट आहे! पूल दोन तुकड्यांत टाकता येतो, आधी काठ ते बेट, मग बेट ते पलीकडचा काठ. डिसेंबर संपून वर्ष बदलतानाच्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, इथल्या नावाड्यांनी पहिले दोनेकशे सैनिक अंधारात होड्यांतनं पलीकडं नेऊन सोडले. मागनं रशियन सैनिकांनी कॅनव्हास ताणलेल्या होड्यांचा पूल जोडायला घेतला. बेटापलीकडचा तुकडा प्रवाहानं तोडला, परत जोडला, त्यात वेळ गेला, पण पुढच्या दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं, घोडे, तोफा असं सगळं या गल्ल्यांतनं पलीकडं गेलं. ज्या गावात आज हजार माणसं नाहीत तिथं पन्नास हजारांचा तळ! आजी म्हणाल्या, गावात तेव्हा कुंपणाची लाकडंसुद्धा शिल्लक राहिली नसतील, सगळी शेकोटीत. ब्ल्यूशरचा मुक्काम होता ती 'श्टाट मान्हाइम' खानावळ, म्युझियम तिथंच आहे, आमच्याच गल्लीत.

आप्पा पुतळ्याजवळ म्हणाले, "माझ्याच वयाचा होता की." मग थोड्या वेळानं, "वॉटर्लूला हाच ना तो, वेलिंग्टनच्या मदतीला आलेला?" हाच. आणि तो वेलिंग्टन म्हणजे १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. जालना जिल्ह्यातलं असई आणि हे काउब, दोन्ही नदीकाठची, तिथं वेलस्लीनंही केळणा नदीचा उतार शोधूनच फौज पार केली होती. आप्पांची एकदा असईजवळ बदली होणार होती, ती टळली, त्याची त्यांना त्या दिवशी जरा हळहळ वाटली.

दिवस तिसरा, रविवार. पेगेल १०३

आज वर चढायचं. गावाच्या डोक्यावर गुटेनफेल्स किल्ला आहे, त्याच्या बाजूनं ऱ्हाईनश्टाइग नावाची पायवाट जाते, बॉन ते वीसबाडेन अशी साधारण ३२० किलोमीटरची. आम्ही त्यातले दोन-अडीच केले, आप्पांचे गुडघे सांभाळत. किल्ला खाजगी आहे, आत जाता येत नाही. याचं नाव आधी वेगळं होतं, १५०४ च्या वारसायुद्धात हेसनच्या लांडग्राफनं (तिथला संस्थानिक) ३९ दिवस वेढा घातला, तोफा डागल्या, पण हाती काही लागलं नाही, त्यानंतर हा गुटेनफेल्स झाला, म्हणजे चांगला खडक. नेपोलियनच्या काळात मात्र तो पाडायला लावला, आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधलेला.

वाट द्राक्षाच्या मळ्यातनं जाते. आता आमच्या तासगावकडं दीड एकर द्राक्षबाग आहे, भाऊ बघतो, त्यामुळं आप्पा इथं जे रमले ते विचारू नका. आपल्याकडं सपाट काळ्या रानात मांडवावर बाग, इथं हा चढ असा की हात टेकल्याशिवाय वर जाता येत नाही, वेली तारांवर, आणि पायाखाली माती दिसतच नाही, नुसत्या पाटीच्या दगडाच्या चिपा. पाय ठेवला की खळखळ वाजतात. आप्पांनी एक चिप उचलून माझ्या हातावर ठेवली. उन्हानं गरम झालेली. ऑक्टोबरातलं ऊन ते, हवा बारा-तेरा अंश, आणि दगड चांगला कोमट. दिवसा ऊन पिऊन ठेवायचं आणि रात्री वेलीला द्यायचं, म्हणून एवढ्या उत्तरेत रीसलिंगची द्राक्षं पिकतात. खालनं नदीचं ऊन परावर्तित होतं ते वेगळं.

तेवढ्यात भावाचा फोन, छाटणी कधी घेऊ म्हणून. आपल्याकडं ऑक्टोबर म्हणजे फळछाटणी आणि डोळे फुटायला पेस्ट लावायचे दिवस. समोर इथं काढणीची शेवटची द्राक्षं लटकतायत, पिवळट, बारकी, एकेक मणी ठिपक्यांचा. आप्पांनी व्हिडिओ कॉल लावून भावाला मळा दाखवला. भाऊ पहिल्यांदा काय म्हणाला, तर "औषध कसं मारत असतील हो आप्पा या चढावर?" खरा प्रश्न हाच आहे. इथं सगळं हातानं किंवा दोरावरच्या यंत्रानं, आणि म्हणूनच मळे सुटत चाललेत. वाटेत कितीतरी जागी दगडी बांध दिसले, त्यांच्यावर आता झुडपं. एकेक बांध बिनचुन्याचा, हातानं रचलेला, कित्येक पिढ्यांचं काम, आणि वर काटेरी बोरीसारखी झुडपं माजलेली. मला ते बघवलं नाही.

याच दगडाची छपरं. गावातलं प्रत्येक घर, चर्च, फाल्ट्सचे बुरूज, सगळं निळसर काळ्या पाटीनं शाकारलेलं. डोंगरात खाण होती, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापर्यंत चालली, मग स्वस्त माल बाहेरून यायला लागला. आणि हाच दगड अंगावरही आला. मार्च १८७६ मध्ये पावसानं भिजलेला डोंगराचा तुकडा घरांवर घसरला, पंचवीसहून जास्त माणसं गेली. एवढ्याशा गावात. वरून बघितलं तर घरं डोंगराला किती टेकलीयत ते कळतं, अंगण नाही, परस नाही, मागची भिंत म्हणजे डोंगरच.

वरच्या बाकावरनं नदीचं वळण पूर्ण दिसतं. आप्पांनी तिथं पाण्यातले पट्टे दाखवले, कुठं काळं पाणी कुठं चुरचुरतं. चुरचुरतं तिथं खडक. रात्री आजींना हे सांगितलं तर त्या एकदम खुलल्या, त्यांचे वडील वाटाडे होते, लोट्स म्हणतात. काउब ही वाटाड्यांची वस्ती, बोट आली की वाटाड्या होडीतनं जाऊन वर चढायचा, खडकांतनं ती पार करून द्यायचा आणि उतरून दुसरी बोट धरून परत. बापाकडनं मुलाकडं जाणारा धंदा. खडक फोडून वाट रुंद झाली, बोटींना रडार आलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला हे काम संपलं. आजी म्हणाल्या, वडील जेवताना मधेच उठून खिडकीशी जायचे, इंजिनच्या आवाजावरून सांगायचे की बोट जास्त भरलीय.

आजींच्या जिन्यात एक जुनी नोट काचेत लावलेली आहे, तिची गोष्ट तर मी आधी कधी ऐकलीच नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ऱ्हाईनच्या उजव्या काठावर नकाशात कंपासनं ३० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळं काढली, कोब्लेन्सभोवती अमेरिकन, माइन्त्सभोवती फ्रेंच. दोन्ही वर्तुळं एकमेकांना टेकलीच नाहीत! मधे बाटलीच्या मानेसारखी एक चिंचोळी पट्टी कुणाच्याच ताब्यात न जाता उरली, त्यात लोर्श, काउब आणि मागची काही खेडी. बाकीच्या जर्मनीशी नीट रस्ता नाही, गाड्या इथं थांबायला बंदी, नदी बंद. जानेवारी १९१९ पासून फेब्रुवारी १९२३ पर्यंत चार वर्षं लोकांनी याला बाटलीच्या मानेचं स्वतंत्र राज्य म्हटलं, फ्लाशेनहाल्स. लोर्शचा महापौर कारभार बघायचा, स्वतःच्या नोटा छापल्या, डोंगरावरनं बैलगाड्यांनी लिंबुर्गच्या बाजूनं सामान यायचं, रात्री होड्यांतनं चोरटा माल. एकदा र्‍यूडेसहाइमला उभी असलेली कोळशाची अख्खी आगगाडी पळवून आणली असंही सांगतात. थंडीत चुली पेटवायला दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडं. नोट तळहाताएवढी, कडेनं पिवळी पडलेली. आजी दर रविवारी त्या काचेवरची धूळ स्वतः पुसतात.

दिवस चौथा, सोमवार. पेगेल १०१

पाऊस नाहीच, आकडा रोज दोन-तीननं खाली. ऑफिसातनं मेसेज आलाच, शंभरच्या खाली जातोय, बोटी हलक्या कराव्या लागतील. २०१८ चा ऑक्टोबर मला आठवतो, २२ तारखेला हा आकडा २५ झाला होता, आजवरचा नीचांक, म्हणजे वाटेत जेमतेम १ मीटर ३७ पाणी. लुडविग्सहाफेनच्या मोठ्या रसायन कारखान्याचं त्या वर्षी २५ कोटी युरोच्या आसपास नुकसान झालं, आणि मग त्यांनी ३० च्या आकड्यालाही माल घेऊन जाईल अशी रुंद, उथळ बोटच बांधून घेतली. २०२२ च्या ऑगस्टात पुन्हा आकडा ३० च्या आसपास आला होता. सरकारचा बेत आहे तळ वीस सेंटिमीटर खाली न्यायचा. आप्पांना वाटतं की तळ खाली नेला की पाणीही खाली जातं, बांध घालून अडवल्याशिवाय उपयोग नाही. इथल्या इंजिनिअरांच्या आराखड्यातही नुसतं खणणं नाही, प्रवाह आत वळवायचे बांधही आहेत.

परत जाताना पलीकडच्या काठानं जायचं ठरवलं. पूल नाही. माइन्त्सपासून कोब्लेन्सपर्यंत ऱ्हाईनवर एकसुद्धा पूल नाही, सगळं तरीवर, म्हणजे फेरीबोटीवर. काउबची फेरीबोट तर गाड्याही नेते, शाळेची पोरं, पोस्टाची गाडी, आम्ही आणि दोन सायकली. मधोमध आल्यावर गाव एका नजरेत दिसलं, वर गुटेनफेल्स, मधे पाटीची छपरं, खाली तट, तटाखाली रूळ, नदीत फाल्ट्स. २०२९ ला या सगळ्या दरीत मोठं बागांचं प्रदर्शन भरणार आहे म्हणून काठावर खणाखणी चाललीय.

पलीकडं उतरून बाखाराखपर्यंत नदीकाठानं चालत गेलो, तीन किलोमीटर असेल, आणि तिथून गाडी पकडली. गाडीत आप्पांनी त्यांची डायरी काढली. पाटबंधारेच्या सवयीची, तारखेपुढं आकडा. १०८, १०६, १०३, १०१. शेजारी रकाना मोकळा ठेवला होता, त्यात सांगलीच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून आयर्विनचे आकडे घेतले आणि भरले, फुटात.

आप्पा सांगलीला परत जाऊन आता आठ महिने झाले. रविवारी फोन आला की आई आधी जेवणाचं विचारते, मग आप्पा फोन घेतात आणि म्हणतात, "काउब किती?" परवा २१४ होतं. आयर्विन बारा फूट, कोयनेला पाऊस सुरू झालाय म्हणाले.